उंदराचं सीरम थोडंच आहे? गोठवण्याआधीच वाटून ठेवा

एकाच ट्यूबमधलं सीरम (रक्ताची गुठळी झाल्यावर वेगळा होणारा द्रव) आज आयएल-६ साठी, उद्या टीएनएफ-अल्फासाठी असं पुन्हापुन्हा वितळवलं की या सायटोकाइन्सचे (पेशींच्या संदेशवाहक प्रथिनांचे) आकडे भरवशाचे राहत नाहीत.

१. रक्ताची गुठळी व्हायला ३० मिनिटं द्या, मग सेंट्रिफ्यूजमध्ये ४ अंशांवर २००० जी, १० मिनिटं फिरवा.

२. सीरम ०.५ मिलीच्या ट्यूबांत ३५-३५ मायक्रोलिटर भरा. एका सायटोकाइनला एक ट्यूब. लगेच उणे ८० अंशांत. लालसर (लाल रक्तपेशी फुटलेल्या) नमुन्यावर आत्ताच खूण करा, नंतर आठवत नाही.

३. एलायझाच्या (सायटोकाइन मोजायच्या चाचणीच्या) दिवशी एकच ट्यूब बर्फावर वितळवा आणि १०,००० जी वर ५ मिनिटं फिरवा. ही पायरी गाळू नका: वितळलेल्या सीरममध्ये फायब्रिनचे बारीक धागे असतात, ते टिपच्या टोकाला अडकतात आणि एकाच नमुन्याच्या जोडीच्या दोन वेलचे (प्लेटमधल्या खळग्यांचे) आकडे जुळत नाहीत.

४. वरचा चरबीचा थर आणि तळ सोडून मधलं २७ मायक्रोलिटर घ्या, त्यात ८१ मायक्रोलिटर डायल्युअंट (पातळ करायचं द्रावण) मिसळा. ५० मायक्रोलिटरचे दोन वेल आरामात भरतात. उत्तराला ४ ने गुणा.

सावधान: निरोगी, एलपीएस (दाह निर्माण करणारं जिवाणूंचं विष) न दिलेल्या उंदरांत टीएनएफ-अल्फा इतका कमी असतो की चौपट पातळ केल्यावर तो स्टँडर्ड कर्व्हच्या (माहीत असलेल्या प्रमाणांवरून काढलेल्या आलेखाच्या) खाली जाऊ शकतो. त्यांना दुप्पटच पातळ करा आणि उत्तराला २ ने गुणा. पण मग एका ट्यूबच्या २७ मायक्रोलिटरमधून एकच वेल भरतो, म्हणून त्यांच्या टीएनएफ-अल्फासाठी एकाऐवजी दोन ट्यूब ठेवा.