रिमफायर रायफलमध्ये काडतुसांचा प्रकार बदलताना: आधी नळी, मग साइट

सरावाला साधी काडतुसे आणि स्पर्धेला महागडी, अशी विभागणी .२२ रायफलचे (०.२२ इंची नळीच्या रिमफायर रायफलचे) बहुतेक नेमबाज करतात. त्यात वावगे काही नाही. चूक होते ती नवा डबा उघडल्यावर. पाच गोळ्या झाडायच्या, ग्रुप (त्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) खाली डावीकडे पडला की लगेच साइट, म्हणजे नेम धरायचे साधन, फिरवायची. पुढच्या पाच गोळ्या वर जातात, पुन्हा साइट फिरते. तासाभराने रायफलचा झिरो, म्हणजे नेम आणि गोळी एकाच जागी पडतील अशी साइटची जुळणी, नक्की कुठे आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. सुरुवातीला माझ्या अनेक सकाळी अशाच गेल्या, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मुळात असे का होते? रिमफायरची गोळी बहुधा उघड्या शिशाची असते आणि तिला बाहेरून वंगण लावलेले असते. कुठे मेण, कुठे चरबी, कुठे ग्रॅफाइट. काही गोळ्यांवर तांब्याचा पातळ मुलामा असतो. प्रत्येक गोळी जाताना नळीत आपला थर सोडते आणि पुढची गोळी त्या थरावरून धावते. काडतूस बदलले की नवी गोळी काही काळ जुन्याच थरावरून धावत असते. घर्षण बदलते, वेग किंचित कमीजास्त होतो, गोळ्या विखुरतात. मेण लावलेल्या गोळ्यांवरून तांब्याचा मुलामा असलेल्या कोरड्या गोळ्यांवर किंवा उलट जाताना हे सर्वांत जास्त जाणवते.

१. काडतूस या रायफलचेच आहे ना, ते पाहा

नळीवर कोरलेले वाचा. नुसते ‘.२२’ एवढे पुरत नाही. .२२ मॅग्नम आणि .२२ लाँग रायफल ही दोन वेगळी काडतुसे आहेत. मॅग्नमची केस (काडतुसाचे धातूचे कवच) लाँग रायफलपेक्षा जाड असते. मॅग्नमच्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या खोबणीत) लाँग रायफलचे काडतूस सैल बसते, झाडताना केस फाटू शकते आणि तप्त वायू मागे येतो. म्हणून ते कधीही वापरू नये. उलट मॅग्नम काडतूस लाँग रायफलच्या चेंबरमध्ये जात नाही. जात नसेल तर जोर लावायचा नाही.

.२२ शॉर्ट हे आखूड काडतूस मात्र लाँग रायफलच्या चेंबरमधून झाडता येते. अडचण नंतर येते. शॉर्टची केस आखूड असल्याने तिच्या तोंडापुढे चेंबरमध्ये काजळी आणि शिशाचे कडे जमते. मग लांब केसचे काडतूस आत जाताना अडखळते किंवा झाडल्यावर केस बाहेर निघत नाही. शॉर्ट वापरल्यावर चेंबर ब्रशने साफ करूनच पुढे जा.

मॅचसाठी, म्हणजे स्पर्धेसाठी, बनवलेल्या रायफलचे चेंबर घट्ट असते आणि गोळीचे टोक थेट नळीच्या आतल्या आट्यांमध्ये (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांमध्ये) बसते. अतिवेगवान काडतुसांपैकी काहींची केस नेहमीपेक्षा लांब असते. ती अशा चेंबरमध्ये वापरू नयेत. अर्धस्वयंचलित रायफल असेल तर वेगळा प्रश्न येतो: मंद वेगाच्या काडतुसाची ताकद बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) पूर्ण मागे ढकलायला कमी पडू शकते. दहा काडतुसे मॅगझीनमधून चालवून पाहिली की ते कळते.

२. रायफल रिकामी करा

नळीचे तोंड टार्गेटकडे, बोल्ट उघडा, मॅगझीन बाहेर, चेंबर डोळ्यांनी पाहा. घट्ट चेंबरमधले न झाडलेले काडतूस ओढून काढताना कधी केस बाहेर येते आणि गोळी आट्यांत अडकून राहते. दारूचे कणही सांडतात. अशा वेळी मागून दुसरे काडतूस भरणे म्हणजे अपघात ओढवून घेणे. गोळी निघेपर्यंत ती रायफल बाजूला ठेवायची. हे टाळण्याचा सोपा मार्ग असा की रेंजवर असताना शेवटचे भरलेले काडतूस टार्गेटवर झाडूनच संपवावे आणि मग डबा बदलावा.

जुना डबा पिशवीत टाका. टेबलावर एका वेळी एकच प्रकार असावा. सुटी काडतुसे मिसळली की दिसायला सारखीच असतात.

३. नळी साफ करायची का?

यावर नेमबाजांत मतभेद आहेत. माझे मत असे: दोन्ही काडतुसांचे वंगण एकाच जातीचे असेल तर काहीच करू नका. मेणावरून तांब्यावर किंवा उलट जात असाल तर कोरड्या कापडाच्या दोन-तीन पट्ट्या फिरवा, फार तर ब्रश एकदा. सळई चेंबरच्या बाजूनेच घाला, गाइड (सळई सरळ ठेवणारी नळकांडी) लावून. नळीच्या तोंडाची कड घासली गेली तर अचूकता कायमची जाते. द्रावण लावून नळी लख्ख करण्याचे काम मात्र स्पर्धेच्या तोंडावर करू नका, कारण चकचकीत नळीलाही थर बसेपर्यंत तितक्याच गोळ्या लागतात.

४. साइटला हात न लावता गोळ्या झाडा

सर्वांत जास्त धीर इथेच लागतो. एक वेगळे टार्गेट लावा आणि पाच-पाचचे ग्रुप झाडत राहा. दहा गोळ्यांत काम होऊ शकते, पंचवीस लागू शकतात, काही नळ्या त्याहून जास्त मागतात. आकडा पाठ करण्यापेक्षा टार्गेट वाचायला शिका. सुरुवातीला गोळ्या उभ्या रेषेत पसरतात, कारण वेग स्थिर नसतो. ही उभी लांबी आटत जाते. लागोपाठ दोन ग्रुप एकाच जागी आणि एकाच आकाराचे पडले की नळीने नवे काडतूस स्वीकारले असे समजा.

गती सारखी ठेवा. मध्ये दहा मिनिटे गप्पा मारल्या तर नळी थंड होते, वंगण घट्ट होते आणि त्यानंतरची पहिली गोळी भलतीकडे जाऊ शकते. ती ग्रुपमध्ये धरू नका.

रिमफायरमध्ये पेट घेणारा मसाला केसच्या कडेत भरलेला असतो. तो कडेत सगळीकडे सारखा पसरला नसेल तर पिन पडूनही काडतूस पेटत नाही. तसे झाले तर नळी टार्गेटकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबा, मग बोल्ट उघडा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर तिथेच थांबा. रायफल रिकामी करून नळी मोकळी असल्याची खात्री झाल्याशिवाय पुढचे काडतूस भरू नका.

५. आता मोजा आणि फिरवा

दहा गोळ्यांचे दोन ग्रुप झाडा आणि दोन्हींचा मध्य काढा. पाच गोळ्यांवर विसंबू नका, एका चुकीच्या गोळीने मध्य सरकतो. एक मिनिट कोन म्हणजे अंशाचा साठावा भाग; ५० मीटरवर तो सुमारे १४.५ मिलिमीटर भरतो. साइटची क्लिक (तिच्या चकतीचा एक टप्पा) पाव मिनिटाची असेल तर एका क्लिकने गोळी सुमारे ३.६ मिलिमीटर सरकते. मध्य २९ मिलिमीटर खाली असेल तर आठ क्लिक वर. आंतरराष्ट्रीय ५० मीटर टार्गेटवरचे दहाचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे तीन क्लिकमध्ये ते संपते.

किती फरक अपेक्षित धरावा? सेकंदाला ३२५ मीटर वेगाने निघालेली गोळी ५० मीटर जाईपर्यंत नळीच्या रेषेपासून साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास पडते, ३८० मीटर वेगाची साडेनऊच्या आसपास. म्हणजे कागदावर तीन सेंटिमीटरचा फरक. प्रत्यक्षात गोळी सुटताना नळी कंप पावते, तो कंप प्रत्येक काडतुसाला वेगळा असतो, त्यामुळे गोळी आडवीही सरकते. नुसत्या हिशोबावर भिस्त ठेवून साइट फिरवू नका. वेगवान गोळीची आणखी एक खोड आहे. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. ही गोळी तो ओलांडून निघते आणि ५० मीटरच्या आसपास पुन्हा त्याच्या खाली येते. त्या संक्रमणात तिला हादरे बसतात. मॅचची काडतुसे मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवतात ती यासाठीच.

६. वहीत लिहा

काडतुसाचे नाव, डब्यावरचा लॉट (कारखान्यातली एकाच खेपेतली काडतुसे) क्रमांक, किती गोळ्यांनंतर ग्रुप स्थिरावला, किती क्लिक कोणत्या दिशेला, तापमान. लॉट क्रमांक विसरू नका. नाव तेच असले तरी लॉट वेगळा म्हणजे तुमच्या नळीसाठी ते वेगळे काडतूस आहे, आणि मोठ्या स्पर्धांचे नेमबाज लॉट झाडून पाहून मगच साठा घेतात.

सरावाच्या काडतुसांवर परतताना हीच वाट उलट चालायची: वहीतल्या क्लिक परत फिरवा, थर बसेपर्यंत गोळ्या झाडा, मग ग्रुप तपासा. घरी परतण्यापूर्वी साबणाने हात धुवा, शिसे बोटांवर राहते.

खरेदीचा हिशोबही यावरच बांधा. स्पर्धा ६० गोळ्यांची असली तरी साइटिंगच्या (साइट जुळवण्याच्या) आणि थर बसवण्याच्या मिळून आणखी ४० तरी लागतात. म्हणून निदान दोन डबे, एकाच लॉटचे.