शॉटगनचा धक्का जास्त लागतोय? आधी दस्ता आणि स्टान्स बघा

12 बोअरच्या काडतुसातून 24 ग्रॅम छरे सेकंदाला 400 मीटरच्या आसपास वेगाने सुटतात, मग साडेतीन किलोची बंदूक सेकंदाला साधारण तीन मीटरने मागे येणारच, ते काही टळत नाही. पण तीच बंदूक एकाला नुसती ढकलते आणि दुसऱ्याचा खांदा काळानिळा करते, कारण फिटिंग आणि उभं राहणं.

बंदूक रिकामी आहे ना, नळी उघडून स्वतः बघा, मग पुढचं.

आधी दस्त्याची लांबी. बंदूक खांद्याला लावून गाल दस्त्यावर टेकवा, नाक आणि अंगठा यात दोनेक बोटांचं अंतर हवं. अंगठा नाकावर आदळत असेल तर दस्ता आखूड, उचलताना काखेत शर्टाला अडकत असेल तर लांब. (कोपरात बंदूक धरून लांबी मोजायची पद्धत रेंजवर सर्रास चालते, तिच्यावर फार विसंबू नका.) मग गालाची उंची, आणि खरी गोम इथेच असते. दस्ता खाली असला की निशाणा दिसावा म्हणून माणूस डोकं वर उचलतो, गाल सुटतो आणि बार उडाला की दस्ता येऊन थेट गालफडावर बसतो. ॲडजस्टेबल कोंब (दस्त्याचा वरचा, गाल टेकतो तो भाग, वरखाली होणारा) असेल तर थोडं थोडं वर घेऊन बघा, डोळा रिबच्या (नळीवरच्या लांब पट्टीच्या) सरळ रेषेत आला पाहिजे.

आता स्टान्स. उजव्या हाताचे असाल तर डावा पाय पुढे, वजन त्याच पायावर जरा जास्त, मागे रेललात की धक्का तुम्हाला हलवणारच. बंदूक आधी गालाला आणा, मग खांदा पुढे करून दस्ता कॉलरबोनच्या खालच्या खळग्यात घट्ट बसवा. दंडावर वळ उठत असेल तर दस्ता बाहेर सरकतोय, बाकी काही नाही.

काडतूस हलकंच घ्या. ऑलिंपिकमध्येसुद्धा ट्रॅप-स्कीटला (हवेत उडवलेल्या चकत्यांवरच्या नेमबाजीला) 24 ग्रॅमचाच लोड असतो, उगाच 28 घेऊन मर्दुमकी कशाला, तेवढ्यानं धक्क्याची ऊर्जा तीसेक टक्के वाढते.

आणि बार व्हायच्या आधीच डोळे मिटत असतील, खांदा आखडत असेल तर कोचला गुपचूप मधेच एखादं डमी काडतूस भरायला सांगा, खटका नुसता टक् वाजला तरी नळी खाली डुचकली की समजायचं त्रास भीतीचा आहे, मग त्या दिवशी 25 क्लेचा (चकत्यांचा) एकच राउंड मारून थांबा.