स्वमग्न भावंडासोबत एका घरात राहताना

स्वमग्न (ऑटिझम असलेला) भाऊ किंवा बहीण असलेल्या घरात जी भांडणे होतात, त्यांतील बऱ्याच भांडणांचे मूळ हट्टात नसून आवाज, प्रकाश, स्पर्श आणि अचानक झालेला बदल यांत असते. म्हणून भावंडाचा स्वभाव सुधारण्याच्या मागे लागण्यापेक्षा ही कारणे हेरून घरातील व्यवहार आधीच ठरवून ठेवणे अधिक उपयोगाचे असते.

प्रथम दोन-तीन आठवडे एक साधी वही ठेवावी. भावंडाचा तोल सुटला की त्याच्या लगेच आधी काय घडले होते, कोणता आवाज होता, कोण आले होते, जेवण किंवा झोप चुकली होती का, एवढेच लिहावे. मिक्सर, केस वाळवण्याचे यंत्र किंवा शर्टाच्या मानेला टोचणारी पट्टी अशी अगदी किरकोळ वाटणारी कारणे त्यातून पुढे येतात. हे नाटक नव्हे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत संवेदनांना मिळणारा अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद हा स्वमग्नतेच्या निकषांत स्पष्टपणे धरलेला आहे. कारण कळले की उपाय बहुधा सोपा निघतो: यंत्र सुरू करण्यापूर्वी सांगावे, कान झाकणारे हेडफोन हाताशी ठेवावेत, पट्टी कापून टाकावी.

बदलाची गोष्ट अधिक नाजूक आहे. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा स्वमग्न मुलांचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यातही सारे काही जसेच्या तसे राहावे ही ओढ ठळकपणे नोंदवलेली होती. दिवसाचा क्रम चित्रांत किंवा शब्दांत लिहून भिंतीवर लावल्यास पुढे काय होणार याची चिंता कमी होते. ‘थोड्या वेळाने’ असे न म्हणता ‘सात वाजता’ असे म्हणावे, आणि बेत पक्का नसेल तर तेही सांगावे: ‘रविवारी जाऊ, पाऊस असला तर सोमवारी.’ दिलेला शब्द मोडावा लागला तर ते शक्य तितक्या लवकर आणि कारणासह कळवावा; शेवटच्या क्षणी गोड बोलून वेळ मारून नेण्याचा मोह मोठ्यांनाच अधिक होतो.

बोलताना एका वेळी एकच गोष्ट सांगून थांबावे. उत्तर येईना म्हणून तेच वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगितले तर भावंडाला समजून घेण्याचे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. टोमणे आणि उपरोध टाळावेत. डोळ्यांत पाहण्याची सक्ती करू नये, कारण नजर दुसरीकडे असतानाच काहींना नीट ऐकता येते. भावंड बोलत नसेल आणि आपले म्हणणे सांगण्यासाठी चित्रांच्या कार्डांची पेटी किंवा टॅब्लेट वापरत असेल, तर शिक्षा म्हणून ते साधन कधीही काढून घेऊ नये. ते त्याचे बोलणेच आहे.

सर्व काळजी घेऊनही ताण असह्य होऊन मेल्टडाउन येऊ शकतो. हवी ती वस्तू मिळाली की हट्ट थांबतो. मेल्टडाउन तसा थांबत नाही, कारण त्यात भावंडाचा स्वतःवरचा ताबाच गेलेला असतो. अशा वेळी दिवे मंद करावेत, टीव्ही बंद करावा, बघ्यांना खोलीबाहेर न्यावे आणि प्रश्न विचारू नयेत. परवानगीवाचून अंगाला हात लावू नये, समजूत घालणे तर पूर्णच पुढे ढकलावे. मात्र मारहाण होत असेल तर ती सोसत उभे राहणे हे तुमचे कर्तव्य नाही. खोलीबाहेर पडून मोठ्यांना बोलवावे. लाट ओसरल्यावर बराच थकवा येतो, तेव्हा झाल्या प्रकाराचा हिशेब त्याच दिवशी मागू नये.

हात फडफडवणे, डोलणे, तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणे यांनी कोणाला इजा होत नसेल तर ते थांबवण्याचे कारण नाही. त्यातून अनेकांना स्वतःला शांत करता येते.

मैत्री जमवायची तर भावंडाच्या आवडीच्या विषयातून शिरावे. रेल्वेची वेळापत्रके असोत की डायनासोर, शेजारी बसून आपापले काम करणे हाही सहवासच असतो. गैरसमज एकतर्फी नसतो, ही स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलेली भूमिका येथे पटते: स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन वाचणे जितके अवघड जाते, तितकेच इतरांनाही तिचे.

दोघांसाठी सगळे नियम सारखे असू शकत नाहीत. तरी मारायचे नाही आणि न विचारता वस्तू घ्यायची नाही, हे दोन नियम दोघांनाही लागू असावेत, आणि तुमच्या वह्या-पुस्तकांसाठी कुलूप लागणारे एक कपाट मागून घ्यावे. राग आणि लाज वाटते हे आईवडिलांना स्पष्ट सांगावे, त्यांच्यापाशी आठवड्यातला ठरलेला, फक्त तुमच्यासाठीचा वेळ मागावा. तुम्ही घरातले तिसरे पालक नाही. पुढे भावंडाची काळजी कोण, कशी घेणार हा विषय पालकांनी टाळला, तर सज्ञान झाल्यावर तुम्हीच तो काढावा, आणि शक्य असेल तेथे त्या चर्चेत भावंडालाही बसवून त्याला काय हवे आहे ते विचारावे.