पेसाखची तयारी: हिंगाच्या डबीपासून सेदेरच्या रात्रीपर्यंत

पुरीम, म्हणजे पेसाखच्या महिनाभर आधीचा सण, झाला की मला फोन यायला लागतात. काकी, आई इस्रायलला असते, सासूबाई राहिल्या नाहीत, पेसाखची (आपल्या वल्हांडण सणाची) तयारी नेमकी कुठून सुरू करायची? दरवर्षी तेच तेच फोनवर सांगते, तर म्हटलं एकदा नीट लिहूनच ठेवू. मी ठाण्याची, बेने इस्राएल म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, माहेर अलिबागकडचं, त्यामुळे हे सगळं आपल्या कोकणी स्वयंपाकघराच्या हिशोबाने आहे.

पहिलं म्हणजे पेसाखच्या आधीचा शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ, विसाव्याचा दिवस) चुकवू नका. त्याला शब्बाथ हागादोल म्हणतात, मोठा शब्बाथ. घरी बसून दहा जणांना मेसेज करण्यापेक्षा त्या दिवशी सिनेगॉगला, आपल्या प्रार्थनास्थळी, या, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. शुक्रवारी दिवा सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी लावायचा, मुंबई-ठाण्यात डिसेंबरमधे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनमधे सव्वासातच्या, म्हणून घड्याळाची एकच वेळ डोक्यात धरू नका. आमच्याकडे अजून काचेच्या ग्लासात पाणी, वर खोबरेल तेल आणि वात असाच दिवा असतो, मेणबत्ती लावलीत तरी काही बिघडत नाही.

शनिवारी सकाळी लवकर या हो, खरंच सांगते. तोरा, म्हणजे आपला धर्मग्रंथ, वाचायला 13 वर्षांवरचे दहा पुरुष लागतात आणि आपली माणसं किती उरलीत ते सगळ्यांना माहितीये, नऊ जण बसलेत आणि दहाव्याची वाट बघतायत हे बघवत नाही. दाराशी मेझुझाला (चौकटीवरची पवित्र वचनांची डबी) हात लावून बोटं ओठांना लावायची, पुरुषांनी किप्पा, ती छोटी टोपी, घालायची, फोन बंद करून ठेवायचा, फोटो नाही, लिहिणं नाही, पैसे नाही. हिब्रू येत नसलं तर मागे पडलो म्हणून घाबरू नका, शेजारच्याच्या सिद्दुरमधे (प्रार्थनेच्या पुस्तकात) बघा, हेखाल, म्हणजे तोरा ठेवायचं कपाट, उघडला की उभे राहा, शेमा, देव एकच आहे ही प्रार्थना, तर आपल्याला येतेच. बाकी काही उरलं नव्हतं तेव्हाही कोकणातल्या आपल्या माणसांना ती येत होती. शेवटी हातात हात घेतात ना, दोन्ही हातांनी समोरच्याच्या हाताला स्पर्श करायचा आणि मग आपली बोटं आपल्याच ओठांना लावायची, म्हाताऱ्या मावशीपासून लहान पोरापर्यंत सगळ्यांशी, ते टाळून घाईत चपला घालू नका. तेवढ्यात तोंडी विचारून घ्यायचं, मात्सा (पेसाखची बिनखमिराची रोटी) कधी मिळणार, खमेत्स, म्हणजे पेसाखला घरात चालत नाही ते खाणं, विकायच्या कागदावर नाव कुणाकडे द्यायचं, यंदा खमेत्स खायची आणि जाळायची शेवटची वेळ काय. सह्या आणि पैसे शब्बाथ संपल्यावर.

आता घर. खमेत्स म्हणजे गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांचं, पाणी लागून फुगलेलं काहीही. पाव, चपाती, रवा, मैदा, शेवया, बिस्किटं, बिअर हे सगळ्यांच्या लक्षात येतं, पण फसवतो तो हिंग. आपल्या दुकानात मिळणारा बांधानी हिंग नुसता हिंग नसतो, त्यात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. एका वर्षी मी सगळं घर घासून, डबे उन्हात वाळवून, खुशीत आमटीला फोडणी दिली आणि फोडणी दिल्यावर डबी वाचली, सगळी आमटी आणि ते पातेलं बाजूला ठेवावं लागलं, रडूच आलं होतं. तेव्हापासून मी सुरुवात हिंगाच्या डबीपासून करते, मग हिंग घातलेले तयार मसाले, पापड, सोया सॉस. मसाल्यांचं सोपं उत्तर हेच की अख्खी हळद, मिरची, धणे आणून घरीच धुतलेल्या मिक्सरच्या भांड्यात कुटायचे. आठ दिवस हिंगावाचून काही अडत नाही, मासळीच्या कालवणात कोकम आणि नारळाचं दूध असलं की बस.

भाताबद्दल फार विचारतात. अश्कनाझी, म्हणजे युरोपातले ज्यू लोक, पेसाखला भात, डाळी खात नाहीत, आपल्याकडे बऱ्याच घरांत भात चालतो, तुमच्या घरची रीत मोठ्यांना विचारून तीच धरा. चालत असेल तर तांदूळ ताटात पसरून तीनदा निवडायचा, एखादा गव्हाचा दाणा सापडतोच. आणि तांदळाचं पीठ गिरणीतून आणू नका, तुमच्या आधी तिथे कुणीतरी गहू दळून गेलेलं असतं. तांदूळ धुवून वाळवून घरी मिक्सरवर काढा, भाकरी जरा जाड होते पण खात्रीची.

भांडी. पूर्वी पेसाखच्या आधी घराला चुना लागायचा आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई, आजीच्या अंगणात कल्हईवाला भाता मारत बसायचा, नवसागराचा पांढरा धूर, मग कथील टेकवून कापसाच्या बोळ्याने असं फिरवायचा की काळं पातेलं आतून चांदीसारखं उजळायचं. आता स्टीलची भांडी आहेत, ती आधी खरवडून घासायची, कान, कडा, स्क्रूच्या खाचा सगळं, मग 24 तास वापरायची नाहीत, मग मोठ्या पातेल्यात खळखळ उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवायची आणि लगेच गार पाण्याने धुवायची. पाणी नुसतं कडकडीत गरम नको, बुडबुडे चालू पाहिजेत. तवा आणि शेगडीवर थेट भाजायची जाळी यांना पाणी पुरत नाही, ती लाल होईपर्यंत तापवावी लागतात, त्यापेक्षा वेगळा तवा घेऊन ठेवा. मातीची भांडी शुद्ध होत नाहीत, बांधून ठेवून द्यायची. आपल्या जुन्या लोकांनी या सणाला आनशी ढाकाचा सण असंच म्हटलंय, आनस म्हणजे आंबट कालवणाचा मडक्यातला साठा, तो आठ दिवस झाकून ठेवायचे.

सेदेर म्हणजे पेसाख सुरू होताना रात्री होणारं विधीचं जेवण, त्याच्या आदल्या रात्री अंधार पडला की घरात खमेत्सचा शोध. पावाचे दहा तुकडे कागदात गुंडाळून दहा ठिकाणी ठेवा आणि कुठे ठेवले ते लिहून ठेवा, मुलांच्या हातात मेणबत्ती द्या, पीस आणि लाकडी चमचा घ्या. सकाळी दहाच्या आत खमेत्स खाणं बंद आणि अकराच्या आत जाळून टाका, नेमकी वेळ सिनेगॉगने सांगितलेली धरा. थोरल्या मुलाचा उपास असतो तोही विसरू नका.

मग दोन कामं उरतात, सेदेरला प्यायचं मनुकांचं शरबत आणि खजुराचा शिरा. शरबताचा हिशोब आधीच करा, माणशी चार प्याले, सेदेर आपल्याकडे दोन रात्री, म्हणजे पाच माणसांना 40 प्याले, साडेतीन-चार लिटर सहज लागतं. मी लिटरला पाव किलो काळ्या मनुका धरते, रात्रभर भिजवायच्या, सकाळी हाताने चांगल्या कुस्करून मलमलच्या फडक्यातून पिळायच्या, एप्रिलच्या उकाड्यात फ्रीजमधेच ठेवायचं नाहीतर आंबतं. शिऱ्यासाठी किलोभर बिनबियांचा खजूर भिजवून शिजवा, फडक्यातून पिळा आणि तो रस जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर आटवा, दोन-तीन तास जातात, शेवटी सारखं ढवळायला लागतं कारण क्षणात खाली लागतो. चमच्यावरून सुटताना धार तुटली नाही की झाला, वर अक्रोड, बदाम.

ताटात भाजलेलं हाड, अंडं, कडू पाला, शिरा, सेलरी किंवा कोथिंबीर, बाजूला मिठाचं पाणी आणि झाकलेल्या तीन मात्सा. मधली मोडून अर्धी लपवायची. हगादा, म्हणजे मिसरमधून सुटकेची कथा सांगणारं सेदेरचं पुस्तक, मराठीत वाचा, लाजू नका, 1846 ला मुंबईत आणि 1874 ला पुण्यात मराठी हगादा छापल्या गेल्या, पुण्याच्या हगादात तर मात्सा करणाऱ्या बायका साडीत काढल्यात. हगादातले चार प्रश्न घरातल्या सगळ्यात लहान मुलाला विचारू द्या आणि उत्तर त्याला कळेल अशा भाषेत द्या, मग जेवायला अकरा वाजले तरी चालतील.

आठव्या दिवशी चांदण्या दिसल्याशिवाय नेहमीचे डबे उघडायचे नाहीत. इस्रायलमधे असाल तर सेदेर एकच आणि दिवस सात. पेसाखची भांडी धुवून कोरडी करून नव्या फडक्यात बांधून माळ्यावर टाका, त्या गाठोड्यात एक चिठ्ठी ठेवा, यंदा मात्सा किती लागल्या, मनुका किती, काय कमी पडलं. माझ्या चिठ्ठीत गेल्या वर्षीचं एवढंच आहे, मनुका अजून पाव किलो, आणि मोठं फडकं नवीन घेणे.