बोर्डोची फवारणी आणि कुळागरातला मागूर

मे अखेर सुपारीवर कोळेरोगासाठी (फळे कुजवून गाळणारी बुरशी) बोर्डोची, म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना यांच्या मिश्रणाची, पहिली फवारणी होते आणि साधारण 40-45 दिवसांनी, भर पावसात, दुसरी. गोव्यातल्या सत्तरी, फोंडा, सांगे या भागांत कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) उतारालाच तळे असते, म्हणून मागूर-शिंगी हे मिश्यांचे मासे पाळणाऱ्यांनी हा काळ जपायला हवा.

हे मासे हवेतून श्वास घेतात, त्यामुळे ते चिवट असल्याचा समज आहे. प्राणवायू कमी पडला तरी ते तग धरतात, हे खरे. पण अंगाला खवले नसतात आणि तांबे कल्ल्यांवर थेट बसते. एरेटर (पाण्यात हवा सोडणारे यंत्र) लावून त्यावर काहीच फरक पडत नाही.

हिशेब करून पाहा. एक टक्का बोर्डोच्या लिटरमध्ये 10 ग्रॅम मोरचूद असते, म्हणजे 16 लिटरच्या पंपात 160 ग्रॅम. एक गुंठा, मीटरभर खोल तळ्यात साधारण 1 लाख लिटर पाणी. एक पंप त्यात उतरला तर लिटरमागे 1.6 मिलिग्रॅम मोरचूद. शेवाळ मारायला मोरचूद वापरतात तेव्हाही लिटरमागे अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषण्याची ताकद, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) भागिले 100 इतके मिलिग्रॅम ही मर्यादा पाळतात, आणि अल्कलिनिटी 50 च्या खाली असेल तर ते वापरूच नये. जांभ्या मातीवरचे पावसाचे पाणी बहुधा मऊ, म्हणजे कमी अल्कलिनिटीचे असते; तिथे ही मात्रा कितीतरी जास्त ठरते. चुना पुरेसा असला तर बोर्डोतले बरेच तांबे न विरघळता राहते, पण आम्ल पाण्यात ते सुटते. म्हणून मिश्रणात चकचकीत लोखंडी सुरी बुडवून पाहाच. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे. ते सुपारीलाही भाजते आणि माशालाही.

नुकसान लगेच दिसत नाही. तांब्याने वास घेण्याची शक्ती मंदावते. मागूर तर वासावर आणि मिश्यांवर चारा शोधतो. चारा तसाच उरतो, कुजतो, अमोनिया वाढतो. अंगावर चिकट बुळबुळ, पांढुरक्या मिश्या, वर येण्याच्या वाढलेल्या फेऱ्या दिसल्या तर चारा दोन दिवस बंद करा.

फवारणीआधी तळ्याच्या वरच्या बाजूला आडवा चर खोदा आणि तो तळ्याबाहेर काढा. पंप पाटात धुऊ नका; धुवण झाडांच्या आळ्यात ओता. ढग दाटलेले असताना फवारू नका, पहिल्या सरीत सगळे खाली येते.

पाण्यात उतरलेच असेल तर चौथा हिस्सा पाणी तळातून काढून विहिरीचे स्वच्छ पाणी घाला. मग गुंठ्याला 2 किलो शेतीचा चुना (चुनखडीची भुकटी) पाण्यात कालवून पसरा; मीटरभर खोलीला तो सगळा विरघळला तर अल्कलिनिटी साधारण 20 ने वाढते. कळीचा (भाजलेला) चुना मात्र नको. त्याने पीएच चढतो, आणि तो 9 वर गेला की अमोनियाचा सुमारे 40 टक्के भाग विषारी रूपात येतो. पीएच 7 ला तो 1 टक्क्याहूनही कमी असतो.

खाणपट्ट्यातून येणारा लाल गाळही कल्ल्यांत अडकतो. तिथे तळ्याआधी छोटा खड्डा करून पाणी निवळू द्या. तुरटी मात्र टाळा, मऊ पाण्यात पीएच आणखी उतरतो.

कल्ले तपकिरी दिसले तर नायट्राइटचा (अमोनियापासून पाण्यात तयार होणारे विष) संशय घ्या. गुंठाभर तळ्याला 16 किलो साधे मीठ पाण्यात विरघळवून टाका, त्याने लिटरमागे साधारण 100 मिलिग्रॅम क्लोराईड मिळते आणि ते नायट्राइटला कल्ल्यांत अडवते. काजूवर ढेकण्या या किडीसाठी फवारलेली पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके माशाला तांब्याहून घातक. त्यांचा पंपही तळ्याजवळ भरू नका.