सीपॅनेलमधून डीएनएससेक चालू करताय? डीएस रेकॉर्ड विसरू नका

सीपॅनेलमध्ये (होस्टिंग सांभाळायचं पॅनेल) डीएनएससेक, म्हणजे डोमेनचा पत्ता सांगणाऱ्या उत्तरांवर डिजिटल सही लावायची सोय, चालू करणं दोन क्लिकचं काम आहे, पण बरेच जण तिथेच थांबतात आणि झालं म्हणून मोकळे होतात. अर्धंच झालेलं असतं ते.

आधी डोमेनचे नेमसर्व्हर (डोमेनचा पत्ता सांगणारे सर्व्हर) कोणाचे आहेत ते बघा. क्लाउडफ्लेअरसारख्या बाहेरच्या सेवेचे असतील तर सीपॅनेलमध्ये की (सही करायची किल्ली) बनवून काही उपयोग नाही, जो उत्तरं देतो त्यानेच सही करायची असते, मग ते तिकडच्या डॅशबोर्डवरूनच करा. होस्टिंगवाल्याचेच असतील तर झोन एडिटर उघडा, डोमेनसमोर डीएनएससेक दिसेल. नसेल तर बहुतेक सर्व्हरवर पॉवरडीएनएस (नेमसर्व्हरचं सॉफ्टवेअर) नाहीये, सपोर्टला तिकीट टाका, आपल्या हातात नाही ते. असेल तर क्रिएट की दाबा. कस्टमाइझच्या भानगडीत पडू नका, डिफॉल्ट येतो तो अल्गोरिदम १३ चांगलाय.

आता खरं काम, डीएस रेकॉर्ड, म्हणजे तुमच्या कीचा ठसा. व्ह्यू डीएस रेकॉर्ड्समध्ये की टॅग, अल्गोरिदम, डायजेस्ट टाइप आणि डायजेस्ट मिळतं, ते सगळं जिथून डोमेन विकत घेतलंय त्या रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये जाऊन भरायचं. टाइप २ घ्या, म्हणजे एसएचए-२५६, त्याचं डायजेस्ट ६४ अक्षरांचं असतं, कॉपी पेस्टच करा. हे कशाला, तर तुमच्या कीचा ठसा डॉट कॉमवाल्यांकडे लागतो आणि डॉट कॉमचा रूटकडे (डीएनएसची सगळ्यात वरची पायरी), रूटवर सह्या जुलै २०१० पासून आहेत आणि डॉट कॉमवर मार्च २०११ पासून, म्हणजे वरची साखळी कधीच तयार आहे, फक्त आपली शेवटची कडी अडकवायची असते. मग डीएनएसविझवर (ही साखळी तपासणारी साइट) डोमेन टाकून बघा, लाल काही दिसलं तर डायजेस्ट परत तपासा.

होस्टिंग बदलताना मात्र जपून. मी एकदा नेमसर्व्हर बदलले आणि जुना डीएस काढायचाच राहिला. माझ्या मोबाइलवर साइट मस्त चालू आणि क्लायंट फोनवर ओरडतोय, अहो उघडतच नाहीये. दोन तास मी एसएसएलच्या मागे लागलो. शेवटी कळलं, त्याच्या राउटरमध्ये गूगलचा डीएनएस सर्व्हर ८.८.८.८ टाकलेला, तो सह्या तपासतो आणि जुळल्या नाहीत की सरळ सर्व्हफेल (पत्त्याऐवजी एरर) देतो, माझ्या नेटवाल्याचा सर्व्हर तपासतच नव्हता! डीएस काढला तरी लगेच सुटका नाही, डॉट कॉममध्ये त्याचा टीटीएल (जुनं उत्तर साठवून ठेवायची मुदत) एक दिवसाचा असतो, तोवर शिव्या खायच्या.

त्यामुळे आधी रजिस्ट्रारकडचा डीएस काढा, दोन दिवस थांबा, मग नेमसर्व्हर बदला, आणि नवीन जागी सगळं स्थिरावलं की नवी की, नवा डीएस. सीपॅनेलमधली की नुसती डिलीट करायची असली तरी आधी डीएस काढून तेवढंच थांबायचं.