बी.ई.नंतर वकिली, गोव्यात राहून

पदवी हातात असेल तर पाच वर्षांच्या कोर्सकडे वळायची गरज नाही. तीन वर्षांचा, सहा सेमिस्टरचा एलएल.बी. पुरतो. पदवीला किमान 45 टक्के हवेत (ओबीसींना 42, अनुसूचित जाती-जमातींना 40). मिरामारचं साळगांवकर आणि मडगावचं कारे, ही इथली जुनी लॉ कॉलेजं.

घोडं अडतं ते हजेरीपाशी. प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरी लागते आणि वर्ग सकाळी 8 ते संध्याकाळी 7 याच वेळेत घ्यायचा नियम आहे. रात्रीचं लॉ कॉलेज नसतं. वेर्ण्याच्या कारखान्यातली शिफ्ट सांभाळून जमवू म्हणणाऱ्यांचं गाडं इथेच रुततं, हजेरीच भरत नाही. त्यामुळे हिशेब फीचा नको, तीन वर्षांच्या बुडणाऱ्या पगाराचा करा. इंटर्नशिप किमान 12 आठवड्यांची, पण वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त चालत नाही; म्हणजे सगळी शेवटच्या वर्षावर ढकलता येत नाही.

सीनियरची जुनी पुस्तकं फुकट मिळाली तरी फौजदारीची घेऊ नका. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, कलमांचे आकडे बदललेत.

इंजिनियरची खरी चूक उत्तर लिहिताना दिसते: तो थेट निष्कर्षावर उडी मारतो. समजा, म्हापशाच्या एका भाटाच्या (नारळीच्या बागायतीच्या) विक्रीचे कागद पुढ्यात आहेत. इंजिनियर प्लॅन उघडतो, क्षेत्रफळ जुळवतो, हद्दी बरोबर म्हणतो. वकील आधी फॉर्म एक-चौदा, म्हणजे गोव्यातला सातबारा, बघतो. तिथे फक्त नवऱ्याचं नाव आहे, विक्रीखतावर सहीही त्याच्याच एकट्याची. गोव्यात वेगळा करार केलेला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामायिक होते. बायकोच्या संमतीविना हा व्यवहार टिकत नाही. पेपरातही हाच क्रम ठेवा: घटना, वादाचा मुद्दा, कायदा, तो इथे कसा लागतो, मग निष्कर्ष. प्लॅन वाचता येणं मात्र फुकट जात नाही. मुंडकार (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा) आणि हद्दीच्या दाव्यांत त्याला भाव आहे.

सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळते महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची. (गोव्यात जमीन रूपांतराच्या परवानगीलाही सनदच म्हणतात, गोंधळू नका.) नोंदणीची कायदेशीर फी खुल्या वर्गाला 750 रुपये. पूर्णवेळ पगारी नोकरी त्याआधी सोडावी लागते. मग दोन वर्षांत अखिल भारतीय बार परीक्षा: 100 प्रश्न, खुल्या वर्गाला 45 टक्के. कायद्याची कोरी प्रत आत नेता येते, पण त्यावर टिपणं नकोत. न्यायाधीश व्हायचं असेल तर मे 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आधी तीन वर्षं वकिली करावी लागते.

कोर्टापेक्षा यंत्रांतच जीव रमत असेल तर एलएल.बी. करूच नका. पेटंट एजंटच्या (इतरांच्या शोधांचे पेटंट-अर्ज चालवणाऱ्याच्या) परीक्षेला इंजिनियरिंगची पदवी चालते, कायद्याची लागत नाही: दोन्ही लेखी पेपरांत किमान 50 गुण आणि तोंडी धरून एकूण 60 टक्के. गोव्यातले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात.